माझ्या बदलीसाठीचा उपास

शुक्रवारी संध्याकाळची ड्यूटी लागू नये म्हणून मी कळंब डेपोत जेवढी भांडले, तेवढी सख्ख्या भावाशी कधी भांडले नाही. कंट्रोलरसाहेबांनी एकदा वैतागून विचारलं, बाई, शुक्रवारी असं काय असतं तुमचं? मी म्हणलं, मंडळी वाट बघतात. कसली मंडळी? तर म्हणलं, प्रार्थनेची. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. प्रार्थनेला जाणारी बाई एवढी तोंडाळ कशी, असा प्रश्न त्यांना पडला असणार, पण विचारायची हिंमत झाली नाही. ड्यूटी मात्र बदलून दिली.

मी एसटीत कंडक्टर आहे. माझं गाव मुरुम, जिल्ह्याच्या पार त्या टोकाला, कर्नाटकाला खेटून. आणि नोकरी लागली ती ह्या टोकाला. खोली घेतली येरमाळ्यात, कारण हायवे जवळ, कधीही गाडी मिळते. वडील जाऊन काही वर्षं झाली होती, भाऊ पुण्यात, आई मुरुमला घर सोडायला तयार नाही. तेव्हा रुजू झाल्या झाल्या मी पहिलं काम काय केलं, तर उमरगा डेपोसाठी विनंती बदलीचा अर्ज टाकला. उमरग्याहून मुरुम म्हणजे अंगणात गेल्यासारखं. रोज संध्याकाळी आईला फोन करायचे आणि रडायचे. दिवसभर गाडीत लोकांना ओरडायचं आणि संध्याकाळी स्वतः रडायचं, असा माझा पहिल्या वर्षाचा कार्यक्रम होता.

देवाधर्माचं म्हणाल तर आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. नाताळला नवी साडी, गळ्यात बारीक क्रूस, उशाशी बायबल. ते उघडायचे की नाही, ते विचारू नका. मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, जाऊन बसायचा मला भारी कंटाळा. माझं आणि देवाचं थेट बोलणं आहे, मध्ये कंडक्टर कशाला, असं मी ऐटीत सांगायचे. प्रत्यक्षात थेट बोलणं कितपत व्हायचं, तर बदली दे, बदली दे, एवढंच.

मग एक दिवस शेजारच्या वाशी गावच्या गाडीत मी एका माणसाला झाडत होते. दहा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढली होती त्यानं, वर मलाच शिकवत होता. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडी अशी भरते की पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे. माझा आवाज पार मागच्या सीटपर्यंत गेला असणार. तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "सलाम, पोरी."

आमच्यात एकमेकांना सलाम म्हणायची रीत आहे, पण इथं आल्यापासून तो शब्द मला कुणी म्हणलाच नव्हता. मी त्या माणसाला पाचशेचे सुट्टे नीट मोजून दिले, वर एक शब्द न सुनावता. त्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या, येरमाळ्यातच राहायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. उतरताना त्यांनी एवढंच सांगितलं की शुक्रवारी सहाला आमच्याकडं बसतात सगळे, ये. मी मनात म्हणलं, येते कशाची! आणि शुक्रवारी सहाला त्यांच्या दारात उभी होते.

सगळे म्हणजे किती, तर मावशींच्या पुढच्या खोलीत मावेल एवढे. मावशी स्वतः. हायवेवर पंक्चर काढणारे एक दादा, हात धुऊन धुऊनही काळेच राहिलेले. त्यांची बायको, ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनी. आणि वाशीहून मोटारसायकलवर येणारे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, ते पेटी वाजवायचे. दादा ढोलकी घ्यायचे. आणि काय वाजवायचे हो! मला वाटलं होतं, आपलं डोळे मिटून पुटपुटतील. इथं तर दादांनी ढोलकीवर थाप मारली आणि मावशींनी त्या वयात असा सूर लावला की माझ्या अंगावर काटा आला. मी टाळ्या वाजवायला कधी लागले, माझं मलाच कळलं नाही.

गाणं झालं, वचन वाचून झालं आणि मग आली खरी परीक्षा. हे लोक साखळी प्रार्थना करायचे. गोल बसायचं, एकमेकांचे हात धरायचे, डोळे मिटायचे. एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, झाली की शेजारच्याचा हात दाबायचा. मग त्यानं करायची. ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसता हात दाबून पुढं पाठवायचं. मी कितीतरी शुक्रवार नुसतं पुढं पाठवत राहिले. भरल्या गाडीत ओरडणारी बाई, पण देवाशी मोठ्यानं बोलायचं म्हणलं की जीभ टाळ्याला चिकटायची. कुणी कधी बोललं नाही त्यावरून. मला त्याचाही राग यायचा, की बोलत का नाहीत.

शेवटी एका शुक्रवारी मी ठरवलं, आज बोलायचंच. डावीकडून वहिनींनी हात दाबला. वहिनींची प्रार्थना लई लांब असते, तोवर मी मनात सगळं पाठ करून ठेवलं होतं. बोलले बाई! आईसाठी बोलले, गाडीसाठी बोलले, ड्रायव्हरसाठी बोलले. संपवलं. आणि त्या गडबडीत गुरुजींचा हात दाबायचा विसरले. सगळे शांत. गुरुजी वाट बघताहेत, मी वाट बघतेय, कुणीच काही बोलेना. मग दिवसभराची सवय आडवी आली आणि मी डोळे मिटूनच खणखणीत आवाजात म्हणलं, "हां, पुढचे कोण राहिलेत?"

आधी दादा हसले. मग वहिनी. गुरुजी पेटीवर डोकं टेकून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मावशी डोळे पुसत म्हणाल्या की आज देवसुद्धा हसला असंल, लई दिवसांनी. त्या दिवसापासून माझी भीती जी गेली ती गेलीच. ज्यांच्यापुढं एवढी फजिती झाली त्यांच्यापुढं आता आणखी काय लपवायचं?

आणि मग मी अक्षरशः पळत जायला लागले शुक्रवारी. खाकी कपड्यातच, मशीन आणि कॅश जमा करून मिळेल त्या गाडीनं. ह्या लोकांची एक भलतीच सवय होती. प्रत्येकानं सांगायचं, ह्या आठवड्यात देवानं तुझ्याशी काय केलं. नुसतं छान आहे, कृपा आहे, असलं चालायचं नाही. मावशी तर सरळ विचारायच्या, ह्या आठवड्यात कुणावर ओरडलीस? आता रोज ओरडणाऱ्या बाईनं काय सांगावं! पण सांगायचं आहे म्हणून मी बघायला लागले. येडेश्वरीच्या यात्रेच्या जादा गाडीत दरवाजात लोंबकळणारा माणूस सुखरूप उतरला, तर वाटायचं, हे शुक्रवारी सांगायचं. एखाद्या म्हातारीवर तोंड टाकलं की लगेच डोळ्यांपुढं मावशी. उघडून बघायला लागले, तर उशाशी पडलेल्या बायबलमध्ये सगळी माझ्यासारखीच माणसं, भांडणारी, घाबरणारी, पळून जाणारी. मला कुणी सांगितलंच नव्हतं! सकाळी डबल बेल द्यायच्या आधी सगळ्या गाडीवरून एकदा नजर फिरवून मनातल्या मनात म्हणायला लागले, प्रभू, ह्या सगळ्यांना नीट पोचव. एवढंच. पण त्या एवढ्याशानं दिवस वेगळा जायचा.

सगळं गोड होतं असंही नाही. वहिनींची माझी दोनदा चांगली जुंपली. एकदा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या की हिची जीभ म्हणजे कात्री. मी म्हणलं, कात्री तुमच्याकडं आहे, मी नुसतं तिकीट फाडते, तेपण आता मशीनमधून येतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः स्टँडवर आल्या, माझ्या गाडीत बसल्या, तिकीट काढून पुढच्या थांब्यावर उतरल्या. का, तर सॉरी म्हणायला. खोलीवर येऊन म्हणल्या असत्या तर मी आणखी दोन शब्द बोलले असते, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. ड्यूटीवर मी काय बोलणार! त्यानंतर माझे सगळे ब्लाऊज त्यांनीच शिवले.

आणि इथं घोटाळा झाला.

मे महिना आला, बदल्यांची कुजबूज सुरू झाली. मंडळींना माझा अर्ज माहीत होता, पहिल्या महिन्यातच मी रडून सांगितलं होतं. दादा एका शुक्रवारी उठून म्हणाले की आपण नुसतं तोंडानं मागतो, आता उपास करून मागायचं. दर शुक्रवारी दिवसभर उपास, ताईची बदली होईपर्यंत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. काय करणार?

कारण मला बदली नको होती. कधी नकोशी झाली ते मला सांगता येणार नाही, पण अजिबात नको होती. मुरुमला आमच्या आळीत पूर्वी ख्रिस्ती घरं होती, एकेक करून सोलापूरला, पुण्याला गेली. तिथं जाऊन मी काय करू? कुणाचा हात धरू? कोण मला विचारणार, कुणावर ओरडलीस म्हणून? पण असं तोंडानं म्हणायचं कसं? आई एकटी, तिकडं वाट बघतेय. आणि म्हणायचं की मला आईपेक्षा शुक्रवार पाहिजे?

तेव्हा मी काय केलं, तर गप्प बसले. त्या मे महिन्याच्या उन्हात दादा पोटात अन्नाचा कण नसताना ट्रकचे टायर उतरवत होते. मावशींना सगळ्यांनी बजावलं की तुम्ही गोळ्या घेता, उपास करू नका, तर त्या चोरून करत होत्या. संध्याकाळी सुकलेल्या चेहऱ्यानं सगळे गोल बसायचे आणि कळकळून मागायचे, प्रभू, आमच्या ह्या बहिणीची बदली कर. आणि मी त्यांचेच हात धरून आतल्या आत म्हणायचे, देवा, ह्यांचं ऐकू नको. ह्यांना माहीत नाही. ह्यांचं ऐकू नको. माझ्यासाठी उपाशी बसलेल्या माणसांच्या विरुद्ध मी अर्ज करत होते. मला स्वतःचा संताप यायचा आणि हसूही यायचं.

असे काही शुक्रवार गेले. मग एकदा दादांची पाळी आली आणि प्रार्थना करता करता त्यांचा आवाज कापायला लागला. उपासानं नव्हे. ते रडत होते. प्रभू, पोरगी आईसाठी झुरती, बघवत न्हाय, असं काहीतरी ते म्हणाले. आणि त्यांनी माझा हात दाबला. तो खरबरीत काळा हात. मला पुढं ढकलायचं होतं, नुसतं दाबून पुढं पाठवायचं होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"देवा, मला जायचं न्हाय. मला हितंच ऱ्हायचंय. ह्यांना सांगायची माझी हिंमत न्हाय, तूच सांग."

मी डोळे उघडायला तयार नाही. सगळ्यात आधी दादा बोलले, नाक ओढत. मग आमचा उपास वाया गेला व्हय? इतक्या निरागसपणे विचारलं त्यांनी की गुरुजींना खोकल्याचं सोंग करावं लागलं. मला वाटलं, आता मावशी बोलणार. स्वार्थी म्हणतील, आईचा विचार कर म्हणतील. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आत्ता कुठं तू प्रार्थना केलीस," त्या म्हणाल्या. "आजवर आमच्यासारखं बोलत होतीस."

मी अशी रडले, अशी रडले! आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मावशींनी शिरा केला. दादांनी दोनदा घेतला. पुढं काय मागायचं, बदली की राहणं, यावर दादा आणि गुरुजींची चर्चाही झाली. शेवटी ठरलं की काहीच मागायचं नाही, देवाला सगळं ऐकू गेलंय, आता तो बघून घेईल. खोलीवर येताना मी हायवेच्या कडेनं गाणं म्हणत आले. ट्रकवाल्यांना वाटलं असेल, कंडक्टरबाईला वेड लागलं.

आणि पुढच्याच आठवड्यात ऑर्डर आली. उमरगा डेपो.

डेपोत सगळे अभिनंदन करत होते, पेढे मागत होते. मी तडक मावशींच्या घरी गेले आणि दारातूनच सुरू झाले. हा कसला देव, म्हणलं. खरं बोलायला लावतो आणि मग हे करतो? त्याला एवढंच करायचं होतं तर पहिल्या वर्षी का केलं नाही, जेव्हा मी रडत होते? आता माणसं दिली आणि आता उचलतो? मावशी भाजी निवडत होत्या. त्यांनी मला पूर्ण ओरडू दिलं, अगदी शेवटच्या थांब्यापर्यंत. मग विचारलं,

"तुझी आई कुणासंगं प्रार्थना करती?"

आई कुणासोबत प्रार्थना करते? मी तिला रोज विचारायचे, गोळी घेतली का, जेवलीस का, गुडघा कसा आहे. आळीतली घरं गेली, बाबा गेले. वर्षानुवर्षं ती त्या घरात एकटी बायबल वाचत होती आणि माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की जे मला इथं मिळालं ते तिलाही लागत असेल. मुरुमला जाऊन मी कुणाचा हात धरू म्हणून रडत होते मी! मावशींनी माझ्यापुढं भाजी सरकवली, मी मुकाट्यानं निवडायला लागले.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी मला मध्ये बसवलं आणि सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. असे हात चर्चच्या नव्या पाळकसाहेबांवर, दूरदेशी सेवेला निघालेल्यांवर ठेवतात. मी म्हणलं, अहो, मी फक्त डेपो बदलतेय! दादा म्हणाले, गप बस, पाठवतोय आम्ही तुला. मी खाकीत, डोळे मिटून, डोक्यावर चार माणसांचे हात. असा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. कळत होतं की मी इथून जाणार आहे आणि तरी छाती फुटेल असा आनंद होत होता.

मुरुमला पोचले. सामान लावलं, नव्या डेपोत रुजू झाले, शुक्रवारची संध्याकाळ मागून घेतली. त्यासाठी तिथल्या कंट्रोलरशी पहिल्याच आठवड्यात भांडले, ते सोडा. शुक्रवारी घरी आले तेव्हा आईनं गॅसवर भात ठेवला होता. मी म्हणलं, आई, बस जरा, आपण दोघी प्रार्थना करू. मला वाटलं, तिला समजावून सांगावं लागेल, साखळी म्हणजे काय, हात कसा दाबायचा. मी पुढं होऊन तिचा हात धरला आणि सुरुवात करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तू थांब. आधी मी."

आणि आई बोलायला लागली. मला वाटलं, बदलीचे आभार मानेल. ती म्हणाली, "प्रभू, ह्यांच्या मागं मी एकटीच बोलायची, अन् शेवटाला आमेनबी मीच म्हणायची. आज दुसरं माणूस बसलंय. आज समदं सांगते."

समदं सांगितलं तिनं. मागच्या वर्षी न्हाणीत पडली होती ते, मला कळू दिलं नव्हतं. दिवस मावळला की घर खायला उठतं ते. बाबांच्या आजारपणात देवावर रुसली होती, आणि ते आजवर कुणापुढंच बोलता आलं नाही, ते. भाताचा करपल्याचा वास यायला लागला. मी उठले नाही. ती बोलत राहिली, माझा हात घट्ट धरून, आणि मग थांबली. डोळे मिटलेलेच होते. ती वाट बघत होती.

मी म्हणलं, आमेन. मग तिनं डोळे उघडले.